वेगळ्या बिऱ्हाडातला पहिला नाताळ: कमी खर्चात आणि वेळेत

2013 साली आम्ही वसई तालुक्यातल्या गास गावच्या एकत्र घरातून वसई रोडच्या दोन खोल्यांत राहायला आलो. तोवर नाताळ म्हणजे माझ्यासाठी सासूबाईंच्या हाताखाली कुलकुल (फणीवर वळून तळायचे छोटे गोड शिंपले) वळणं, नवी साडी नेसून मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाणं आणि सकाळी शेजाऱ्यांकडे ताटं पोचवणं. या सगळ्याच्या मागे काय काय चालतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. वेगळ्या घरातल्या पहिल्या वर्षी मला नाताळची आठवण झाली 10 डिसेंबरला. मग केक विकत, करंज्या विकत, चांदणी विकत आणि सगळ्यांच्या भेटीही विकत. 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, मुलाच्या शाळेची फी भरायची होती. पाकिटात साडेचारशे रुपये होते आणि फ्रिजमध्ये कडक झालेला अर्धा केक.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. ती वही जे शिकवत गेली ते इथे लिहिते आहे. नुकतं वेगळं बिऱ्हाड केलेली जोडपी, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्या मुली, पुण्या-नाशकात नोकरीला गेलेली आमच्याकडची मुलं, अशांसाठी हे आहे. पदार्थ आणि रीत वसईकडची आहे. तुमच्या घरची वेगळी असेल तर ती धरा, महिने मात्र हेच ठेवा.

नाताळचा खर्च वर्षभर होत नाही, तो 15 ते 24 डिसेंबर या दहा दिवसांत होतो. त्या दिवसांत भाव चढलेले असतात, आपण थकलेलो असतो आणि "आता राहू दे, घेऊन टाकू" असं म्हणायला मन तयार असतं. म्हणून जे टिकतं ते आधी करायचं, जे विकत घ्यायचं ते बिनहंगामात घ्यायचं आणि शेवटच्या दहा दिवसांसाठी फक्त ताजं तेवढं ठेवायचं.

आधी हे जवळ असू द्या

- दोनशे पानी वही (मोबाइलमध्ये लिहू नका, मोबाइल बदलतो आणि यादी जाते)
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा
- घट्ट झाकणाची दोन किलोची काचेची बरणी
- कुलकुलांसाठी नव्या कोऱ्या फण्या, माणशी एक
- करंजीचं कातणं, दोन मोठे हवाबंद डबे
- केकचं भांडं. ओव्हन नसेल तर जाड बुडाचा मोठा कुकर
- जुनी वर्तमानपत्रं, सुतळी, कात्री, कोऱ्या चिठ्ठ्या

## 1. जुलै: वहीत नावं लिहा, वस्तू नाही

सगळे आधी वस्तूंची यादी करतात. तुम्ही माणसांची करा. कोणाला काहीतरी द्यायचंच आहे? सासर, माहेर, मुलांचे गॉडफादर-गॉडमदर, शेजारचे चार दरवाजे, कामाला येणाऱ्या मावशी, इमारतीचा वॉचमन, कचरा नेणारे दादा. माझ्या पहिल्या यादीत 31 नावं आली होती. मग प्रत्येक नावापुढे एक खूण करायची: "भेट", "फराळाचा डबा" किंवा "फक्त भेटून शुभेच्छा". खुणा झाल्यावर भेटी उरल्या 11. बाकीच्यांना फराळच हवा असतो, आपणच उगाच मग आणि फोटोफ्रेम घेत बसतो.

त्याच पानावर रक्कम लिहा. आमच्या चौघांच्या घराचा गेल्या वर्षीचा हिशेब उदाहरणादाखल देते:

- कपडे: 3,500
- केक आणि फराळाचं सामान: 2,500
- सणाचं जेवण: 2,500
- भेटी: 2,000
- चर्चमधलं दान आणि गरजूंसाठी: 800
- सजावट: 700

एकूण 12,000. तुमचा आकडा सहा हजार असेल नाहीतर वीस, त्याने काही बिघडत नाही. पण दानाचा आकडा आधी लिहा. शेवटी लिहिला की तो पहिला कापला जातो, हे मी स्वतः दोनदा केलं आहे.

## 2. पैसे आधीच बाजूला काढा

12,000 म्हणजे फेब्रुवारी ते नोव्हेंबर दहा महिने 1,200. बँकेत आरडी काढून ते नोव्हेंबरच्या शेवटी संपेल असं बघा. जुलैत जागे झालात तर यंदा डब्यात पैसे टाका आणि आरडी पुढच्या वर्षासाठी सुरू करा.

आमच्याकडे बायकांची भिशी असते. ओळखीच्या दहा-बाराजणी असतील आणि सगळ्या एकमेकींच्या घरी जात-येत असतील तर चांगलीच सोय. सुरुवातीलाच सांगून ठेवायचं, "मला नोव्हेंबरची द्या." दिवाळीवाल्या मैत्रिणींना ऑक्टोबरची हवी असते, त्यामुळे भांडण होत नाही. मात्र जास्त व्याजाचं आमिष दाखवून दारोदार पैसे गोळा करणाऱ्यांची भिशी लावू नका. आमच्या गल्लीतल्या तिघींचा एक नाताळ त्यात बुडाला आहे.

क्रेडिट कार्ड आणि "आता घ्या, नंतर भरा" वाले हप्ते नाताळपुरते बंद. जानेवारीत शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि कार्डाचं बिल एकत्र येतं. ते दिवस मी पाहिले आहेत.

## 3. ऑगस्ट: पावसाचा फायदा घ्या

फुकटातली भेट पावसाळ्यात रुजते. मोगरा, जास्वंद, अनंत यांच्या वीतभर फांद्या तिरक्या कापून मातीत खोचायच्या. पावसाळी हवेत त्यांना मुळं फुटतात आणि डिसेंबरपर्यंत रोप देण्याजोगं होतं. दहा फांद्या लावल्या तर सहा-सात जगतात, म्हणून जास्तच लावा. दह्याची मातीची मडकी जपून ठेवा, त्यांना तळाशी भोक पाडलं की कुंडी तयार. (भोक पाडण्याआधी मडकं रात्रभर पाण्यात ठेवा, नाहीतर तडकतं.)

शिवणकाम किंवा क्रोशा येत असेल तर तेही आताच सुरू करा. एका साडीतून चार-पाच बाजाराच्या पिशव्या निघतात. सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी शिवायची असेल तर ऑगस्टसुद्धा उशीरच म्हणायचा, पण बाळाची छोटी दुपटी होऊ शकते.

## 4. सप्टेंबर: फळं भिजत घाला

नाताळच्या केकची चव फळांत असते आणि फळांना वेळ लागतो. वेळ फुकट मिळतो, म्हणून तोच जास्त घाला.

एक किलो मिश्र सुका मेवा घ्या: काळे मनुके, बेदाणे, बिया काढलेला खजूर, टुटीफ्रुटी आणि साखरेत मुरवलेली साल. सगळं मनुक्याएवढं बारीक चिरा. कोरड्या बरणीत भरा आणि वरून फळं बुडतील इतकी रम ओता, साधारण 350 मिली. महागडी रम लागत नाही. दर आठवड्याला बरणी उलटसुलट करायची, एवढंच काम. काजू-बदाम यात घालू नका, ते मऊ पडतात. केक करायच्या दिवशी घाला.

साल विकत घ्यायची गरज नाही. नागपुरी संत्री नोव्हेंबरपासून स्वस्त होतात, सप्टेंबरात मोसंब्याची साल वापरा. आतला पांढरा भाग खरवडून काढा, बारीक लांब काप करा आणि तीनदा पाणी बदलून उकळा. तिसऱ्या पाण्यानंतर चाखून बघा, कडू लागलं तर चौथ्यांदा. मग सालीच्या वजनाइतक्या साखरेच्या पाकात ती पारदर्शक दिसेपर्यंत शिजवा आणि ताटात वाळवा.

रम नको असेल तर हीच फळं केकच्या आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. पण रसातली फळं महिनोन्‌महिने बरणीत ठेवायची नाहीत, ती आंबतात. माझ्या जावेच्या बरणीचं झाकण उडून फडताळाच्या छताला लागलं होतं.

आणि एक. रमचा केक कोणाला देताना तसं सांगून द्या. शेजारी मुसलमान असतील, जैन असतील, कोणी दारू सोडलेलं असेल. चिठ्ठीवर "रम आहे", "अंडं आहे" असं स्पष्ट लिहायचं. आम्ही अशा घरांना केक देतच नाही, घरच्या तुपातले नानकटाई आणि शंकरपाळे देतो.

## 5. दिवाळी: डबे सांभाळा

दिवाळीत शेजारच्या वहिनी चकल्या-चिवड्याचा डबा आणून देतात. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. पहिल्या वर्षी मी काय केलं? डबे घाईघाईने घासले, त्यात बाजारातून आणलेली बिस्किटं भरली आणि आठवड्यात परत केले. मग नाताळसाठी पुठ्ठ्याचे रंगीत खोके विकत घेतले, एकेक पस्तीस रुपयांना.

आता वहिनींना सरळ सांगते, "तुमचा डबा आता नाताळलाच येईल." त्या हसतात, त्यांना सवय झाली आहे. डबे धुऊन उन्हात वाळवायचे, आत चिठ्ठी टाकायची (कोणाचा, केवढा) आणि माळ्यावर ठेवायचे. गेल्या वर्षी माझ्याकडे नऊ डबे होते. नऊ घरांच्या पॅकिंगचा खर्च शून्य, आणि किती फराळ करायचा तेही नोव्हेंबरातच मोजून कळलं.

दिवाळी झाली की दुसऱ्या आठवड्यात बाजारात एक चक्कर मारा. विजेच्या माळा, पतंगाचा कागद, सोनेरी फिती यांचा उरलेला माल दुकानदार कमी भावात काढतात. तीच माळ 15 डिसेंबरला "ख्रिसमस लाइट" म्हणून पूर्ण भावात मिळते. माळ दुकानातच लावून बघायची, घरी आल्यावर अर्धी पेटत नाही हे कळून उपयोग नाही.

कपड्यांचंही इथेच उरका. शिंपी दिवाळीआधी अंगावर येतात आणि दिवाळीनंतर लग्नाच्या ब्लाऊजांत बुडतात. मधल्या चार-पाच दिवसांत कापड देऊन टाका आणि तारीख 10 डिसेंबर सांगा, म्हणजे 20 ला हातात पडेल. मुलांचे कपडे एक माप मोठे.

## 6. घरी करायच्या भेटी: काय परवडतं, काय नाही

घरी केलं म्हणजे स्वस्तच पडतं असं नाही. एका वर्षी मी सुगंधी मेणबत्त्या करायला घेतल्या. मेण, वाती, सुगंध, काचेचे पेले. पहिल्या घाण्यात उकळतं मेण थंड पेल्यात ओतलं आणि पेला टचकन फुटला. ओट्यावर मेण, गॅसच्या शेगडीत मेण. उरलेल्यांचा हिशेब केला तर एकेक मेणबत्ती 140 रुपयांना पडली होती, बाजारात तशी तेव्हा शंभराला मिळत होती. तेव्हापासून नियम केला: जी गोष्ट आपण वर्षभर करतोच, तीच भेट म्हणून मोठ्या प्रमाणात करायची. नवी कला डिसेंबरात शिकायची नाही.

माझ्या वहीत टिकलेल्या भेटी या:

बाटली मसाला. हा मे महिन्यातच करून ठेवलेला असतो. मिरच्या कडक उन्हात वाळवून, गरम मसाले वेगवेगळे भाजून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचा. घरासाठी दोन किलो करताय तिथे अडीच किलो करा. त्या अर्ध्या किलोतून शंभर ग्रॅमच्या पाच बाटल्या होतात. मुंबईत राहायला गेलेल्या नणंदेला या मसाल्यापुढे दुसरं काही नको असतं. यंदाचा मे गेला असेल तर पुढच्या वर्षी.

पेरूचं चीज. गोव्याकडे याला पेराद म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरू मुबलक असतात, डागी पण पिकलेले घ्या. शिजवून, चाळणीतून गाळून, बिया काढून टाका. एक किलो गराला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस. जाड बुडाच्या कढईत सतत ढवळायचं. तासभर तरी लागतो आणि शेवटी ते ज्वालामुखीसारखं उडतं, म्हणून लांब दांड्याचा कलथा घ्या आणि बाह्या खाली ओढा. गोळा कढईच्या कडा सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात थापा, दुसऱ्या दिवशी वड्या पाडा. आधी उतरवलं तर वड्या पडत नाहीत, चमच्याने खावं लागतं. त्याला जॅम म्हणून द्यायचं आणि गप्प बसायचं.

सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, साधारण आठवडाभर, रोज संध्याकाळी आत आणायची. मधासारखा रंग येतो. वाळलेल्या केळीच्या पानात बांधून दिली की वेगळी सजावट लागत नाही. हे वसईचं जुनं काम, आता मोजक्याच घरांत होतं. पण ऊन आणि जागा दोन्ही लागतात, फ्लॅटच्या ग्रिलमध्ये कावळ्यांना मेजवानी होते. अंगण असलेल्या नातेवाइकाकडे करा.

रोपं आणि पिशव्या. ऑगस्टातली. रोपाच्या मडक्याला सुतळीने चिठ्ठी बांधा: कोणतं झाड, ऊन किती, पाणी किती.

वेळाची चिठ्ठी. नव्या आईला "जानेवारीतले दोन रविवार बाळाला मी सांभाळीन." म्हाताऱ्या काकांना "बँकेच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरच्या दोन फेऱ्या." एक पैसा लागत नाही. पण खरंच जायचं असेल तरच द्या. माझी एक चिठ्ठी अजून एका काकूंच्या फ्रिजवर लावलेली आहे, 2019 ची.

खाण्याच्या प्रत्येक वस्तूवर केल्याची तारीख लिहा. काचेच्या बाटल्या दहा मिनिटं उकळून पूर्ण कोरड्या करा, एक थेंब पाणी राहिलं तरी बुरशी येते.

## 7. डिसेंबरचा पहिला आठवडा: केक

आगमनकाळाचा (नाताळआधीच्या चार आठवड्यांचा) पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या मध्ये येतो. त्या दिवशी पहिली मेणबत्ती लागली की माझी केकची घंटा वाजते. फळांचा केक मुरतो, दोन-तीन आठवडे आधी केलेलाच चांगला.

पाव किलोचा हिशेब लक्षात ठेवा: मैदा, लोणी, साखर प्रत्येकी पाव किलो, पाच अंडी, भिजलेली फळं अर्धा किलो, एक चमचा बेकिंग पावडर, दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड. रंगासाठी शंभर ग्रॅम साखर वेगळी जाळायची: कोरड्या भांड्यात गडद तांबूस-काळी होईपर्यंत, मग गॅस बंद करून अर्धी वाटी गरम पाणी. ते पाणी भडकन उसळतं. मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

160 अंशांवर सव्वा ते दीड तास. कुकरमध्ये करणार असाल तर तळाला मीठ किंवा वाळू, शिटी आणि रिंग काढून, मंद आच, आणि अर्ध्या मापाची छोटी भांडी. मोठं भांडं खालून करपतं आणि मध्ये कच्चं राहतं. गावातली एखादी बेकरी घरचं मिश्रण भाजून देत असेल तर तेच करा. फक्त भांड्यावर खडूने नाव लिहा. खडूचं नाव पुसलं गेलं म्हणून मी एकदा दुसऱ्याच कोणाचा तरी, आमच्यापेक्षा चांगला, केक घरी आणला होता.

थंड झाल्यावर बटर पेपरात गुंडाळून डब्यात ठेवा आणि आठवड्यातून एकदा चमचाभर रम वरून शिंपडा. एरवी 23 तारखेपर्यंत डबा उघडायचा नाही. घरच्यांना डब्यात काय आहे ते सांगूच नका.

## 8. दुसरा-तिसरा आठवडा: फराळ

15 तारखेच्या आसपासचा एक रविवार कुलकुलांचा. हे एकट्याने करायचं काम नाही. चार-पाच बायका, मुलं आणि रिकामे बसलेले पुरुष, सगळ्यांना टेबलाभोवती बसवा.

अर्धा किलो मैदा, मूठभर बारीक रवा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे गरम तुपाचं मोहन, एक अंडं, चिमूटभर मीठ, आणि भिजवायला नारळाचं घट्ट दूध, लागेल तसं. पीठ तासभर झाकून ठेवा. मग बोराएवढी गोळी घ्यायची, फणीच्या दातांवर अंगठ्याने दाबत पसरवायची आणि कडेपासून वळत आणायची. पाठीवर रेघा उमटलेला छोटा शिंपला तयार होतो. शेवटचं टोक दाबून चिकटवलं नाही तर तेलात कुलकुल उलगडतं आणि त्याची पट्टी होते. सासूबाई अशा पट्ट्या उचलून विचारायच्या, "हे कोणाचं?" टेबलाभोवती सगळे खाली बघायचे. त्यांच्या हातची कुलकुलं मात्र एका मापाची, ताटात ओळीने ठेवलेली, आणि बोलताना हात थांबायचा नाही.

तळताना आच मध्यम. मोठ्या आचेवर बाहेरून लाल आणि आतून कच्ची राहतात, दोन दिवसांत मऊ पडतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका.

करंज्यांचा सापळा सारणात आहे. ओल्या नारळाच्या करंज्या चवीला एक नंबर, पण तिसऱ्या दिवशी वास मारतात. त्या 24 ला थोड्याच करा, घरात खायला. डब्यांतून द्यायच्या करंज्या भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या, रवा आणि खसखस घालून.

15 नंतर संध्याकाळी नाताळगीतं म्हणणारी मुलं दारात येतात. त्यांच्यासाठी एक डबा आणि सुटे पैसे वेगळे काढून ठेवा, नाहीतर शेजाऱ्यांचा डबा तिथेच संपतो.

## 9. गोठा आणि चांदणी

1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो गावात येशूच्या जन्माचा पहिला गोठा मांडला तेव्हा त्याने गव्हाण, पेंढा, एक बैल आणि एक गाढव एवढंच आणवलं होतं. आमच्याकडे आता गोठ्यात कारंजी चालतात आणि आगगाड्या धावतात. गावात स्पर्धा असते, तिथे चालायचंच. घरात नको.

भाताचा पेंढा वसईत शेतावर मागितला तर मिळतो. नारळाची सोडणं, झावळीची देठं, वाळलेला शेवाळ. गणपतीनंतर उरलेली शाडूची माती मिळाली तर मुलांना मेंढरं करू द्या. आमच्या गोठ्यात एक मेंढरू हत्तीसारखं आहे आणि दरवर्षी तेच पुढे ठेवावं लागतं. 12-13 डिसेंबरला पसरट ताटात मातीवर नाचणी किंवा गहू पेरा. नाताळपर्यंत बोटभर हिरवं गवत उभं राहतं. मारिया, योसेफ आणि बाळ येशू या तीन मूर्ती तेवढ्या एकदाच चांगल्या घ्या. बाळ 24 च्या रात्रीपर्यंत कपाटात राहतं, ते कुठे ठेवलं ते वहीत लिहा. एका वर्षी मिस्साहून आल्यावर रात्री दोन वाजता आम्ही चौघं ते शोधत होतो.

चांदणीसाठी बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या आणि वीतभर लांबीच्या पाच. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधा, एकीवर एक ठेवून पाचही टोकं एकत्र बांधा. मग आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी छोट्या कामट्या उभ्या खोचा, चांदणी पोटाशी फुगते. एका पाकळीची मागची बाजू बल्ब बदलण्यासाठी उघडी ठेवून पतंगाचा कागद चिकटवा. आत फक्त एलईडी बल्ब लावा. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद पेट घेतो.

## 10. 20 ते 25 डिसेंबर

मटण, डुक्कर, कोंबडी यांची ऑर्डर 15 लाच देऊन ठेवा आणि भाव त्याच दिवशी ठरवून घ्या. सोरपोतेल (डुकराच्या मटणाचा आंबट-तिखट रस्सा) 22 ला करा. ते मुरतं, रोज एकदा नीट उकळायचं. 25 ला ताजं करायचं राहतं ते फक्त भात, कोशिंबीर आणि फुग्या (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे).

23 च्या रात्री डबे भरा. माळ्यावरून दिवाळीचे डबे उतरवा, आतली चिठ्ठी वाचा, त्यात कुलकुल, करंज्या, केकचा तुकडा (जिथे चालतो तिथे) आणि पेरूच्या दोन वड्या. वहीतल्या नावावर टिक.

24 ला बाजारात जायचं नाही. काही विसरलं असेल तर ते यंदा नाही.

## 11. 26 डिसेंबर ते 7 जानेवारी

सजावटीचं सामान या दिवसांत स्वस्त होतं, पण यादीत लिहिलेलंच घ्या. तीन राजांचा सण झाला की गोठा उतरवा. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळा, माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा, चांदणीचा कागद फाडून सांगाडा गच्चीच्या खोलीत टांगा. कामट्या चार वर्षं टिकतात.

मग अर्धा तास बसून वही भरा. काय उरलं, काय कमी पडलं, कोणाकडून काय आलं, एकूण किती गेले. माझ्या या जानेवारीच्या पानावर असं आहे: कुलकुल अर्धा किलो जास्त हवेत. नानकटाई पुष्कळ झाली. तिसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड, नाव विचारणे. एक फणी मोडली. वहिनींचा डबा परत केला, त्यांनी तो तिळगूळ भरून संक्रांतीला पुन्हा पाठवायचं ठरवलेलं दिसतं.